आपल्या रानाचा काटा

उसाचा ट्रॅक्टर कारखान्याच्या काट्यावर चढला की आमच्या गावचा माणूस डोळ्यांत तेल घालून उभा राहतो. पन्नास किलो इकडचं तिकडं झालं तर रात्री पारावर त्याचं महाभारत होतं. या काट्यापायी आंदोलनं झाली, रस्ते अडवले, टायरी पेटल्या. त्यात मीही होतो आणि त्याचा मला पस्तावा नाही. आपला माल दुसऱ्यानं मोजायचा आणि आपण त्याच्या तोंडाकडं बघत बसायचं, याला गुलामीच म्हणायचं.

पण साठी ओलांडल्यावर मला एक प्रश्न पडला. तो चाळीस वर्षं आधी पडायला पाहिजे होता. रानातनं बाहेर जाणारा ऊस मोजायला आम्ही जिवावर उदार होतो. मग रानात जे पाणी आत जातं, त्याचा काटा कुठाय?

तलाठी माझे गुंठे मोजतो. बँक माझे दिवस मोजते. कारखाना माझे टन मोजतो. आणि मी काय मोजतो? पोत्यानं खत आणि तासानं पाणी. "धा तास मोटर चालली" म्हणजे पाणी झालं. किती पाणी? ठाऊक नाही. किती खोल गेलं? ठाऊक नाही. पिकाला ते लागत होतं का? हे तर कुणी विचारतच नाही. पाळी आली, लाईट आली, दारं धरली, पाजलं. संपला विषय.

तीन-चार सालांमागं मी रानात एक खांब रोवला. त्यावर वाऱ्याच्या फिरत्या वाट्या, पावसाचं भांडं, उन्हाची पट्टी आणि पांढऱ्या ताटल्यांच्या सावलीत ऊन-गारवा, दमटपणा मोजणारं यंत्र. उसात जागोजागी जमिनीत पुरलेल्या पट्ट्या. त्या मातीतली ओल मोजतात आणि बिनतारी घरातल्या डबीला कळवतात. गावात हा हा म्हणता झालं. "तात्यानं उसाला टीव्ही दाखवाय घेतलाय." "दहावी पास झाल्यावर न्हाई सुटली ती हुशारी आता सुटलीय." ऐकून घेतलं. पण त्यातलं एक वाक्य मला लागलं आणि त्याच्यासाठीच हे लिहितोय. एक जाणता माणूस म्हणाला, "तात्या, बापजाद्यापास्नं माती हाताला कळती आपल्या. यंत्राला विचारायची पाळी आली का?"

त्याला उत्तर द्यायचं म्हणजे माझ्या मेलेल्या एकराची गोष्ट सांगावी लागते. ती मी आजवर कुठं लिहिली नाही.

आमचं गाव सांगली जिल्ह्यातलं, कृष्णाकाठचं. काळंभोर रान, कुदळ मारली तर कमरेएवढ्या खड्ड्यातही माती काळीच. आजोबांच्या काळी सगळं जिरायत. पावसाळ्यात रान राखायचं, शाळू पेरायचा आणि पोटातल्या ओलीवर तो काढायचा. शाळूला वरनं थेंब मिळत नसे. आजोबा मूठभर माती दाबून सांगायचे, आज पेरा, उद्या पेरा, नाहीतर दोन दिवस दम धरा. त्यांचा अंदाज चुकायचा नाही.

१९७४ साली नदीवर उपसा योजना झाली आणि आमच्या रानात पाट खळखळला. पहिलं पाणी आलं त्या दिवशी वडिलांनी पाटात नारळ फोडला. मी तेव्हा शाळेत होतो. १९७६ ला दहावी झालो आणि रानात उतरलो ते आजतागायत. ऊस आला, दुधाच्या म्हशी आल्या, घरावर मंगलोरी कौलं चढली. ओढ्याकडच्या खालच्या पट्टीत तर लागणीला साठ-सत्तर टनाचा उतारा पडायचा. ती पट्टी आमच्या घरची लक्ष्मी.

मग उतारा पन्नासावर आला. आम्ही खत वाढवलं. चाळिसावर आला. पाणी वाढवलं. एका उन्हाळ्यात बायको खोडव्यात भांगलत होती. घरी आल्यावर म्हणाली, "अवो, खालच्या पट्टीला मीठ फुटलंय. वरंब्यावर पांढरं दिसतंय." मी म्हणालो, युरिया सांडला असंल. तिनं ते पांढरं बोटावर घेऊन माझ्यापुढं धरलं. मी हात झटकला. हे सगळं मला आजही दिसतं. पुढच्या पाच-सहा वर्षांत त्या एकरात उसाचे ठिपके राहिले, मग ठिपकेही गेले. १९९८ साली मी तिथं शेवटची लागण केली. बेणं कुजून वर आलं. आज तिथं लव्हाळा आणि पाणकणीस आहे. पावसाळ्यात पाऊल टाकलं तर पिंढरीपर्यंत आत जातं आणि उन्हाळ्यात सगळं पांढरंफटक. रान जिवंत असताना त्याच्यावर दोन पोरींची लग्नं झाली. मेल्यावर त्याचा शेतसारा तेवढा मी भरतोय.

कुणी मारलं ते रान? सरकारनं नाही, कारखान्यानं नाही. मी मारलं आणि माझ्या वडिलांनी मारलं. आम्हा दोघांच्या हाताला माती कळत होती.

आता हिशेब मांडतो. सातवीच्या पोराला जमेल असा आहे.

एक एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे साधारण चार हजार लिटर. आम्ही सरी तुडुंब भरून पाजायचो, म्हणजे चार इंच, शंभर मिलिमीटर. एकरी चार लाख लिटर. आमच्यासारख्या काळ्या रानाच्या वरच्या दोन फुटांत पिकाला ओढता येईल असं पाणी मावतं तेच मुळी चार इंचांच्या आसपास. पीक ते सगळं संपवेपर्यंत कुणी थांबत नाही आणि थांबूही नये. निम्मं संपलं की पाजावं. म्हणजे रानात जागा दोन इंचांची आणि आम्ही ओतायचो चार. वरचे दोन इंच कुठं गेले? खाली. वर्षाला वीस-पंचवीस पाळ्या धरा आणि तसली वीस-पंचवीस वर्षं धरा. खालचं पाणी वर वर येत गेलं. ते मुळाच्या टापूत आलं की उन्हाळ्यात माती दिव्याच्या वातीसारखं ते वर ओढती. पाणी उडून जातं, मीठ मागं राहतं.

आणि मीठ आलं कुठनं? थोडं मातीतलं, थोडं पाण्यातलं. ज्या पाण्याच्या लिटरमागं अर्धा ग्रॅम क्षार आहे, त्याच्या चार लाख लिटरांतनं दोनशे किलो क्षार रानात येतात. एका पाजणीला पन्नास किलोची चार पोती मीठ. खताची चार पोती टाकली तर आम्ही वहीत लिहून ठेवतो. या चार पोत्यांची नोंद कुणाच्या वहीत आहे?

हे कुणाला माहीत नव्हतं असं नाही. नीरेच्या कालव्याखालच्या जमिनी अशाच खारवट झाल्या होत्या आणि त्यांचा अभ्यास हॅरॉल्ड मॅन या पुण्याच्या शेतकी कॉलेजच्या प्राचार्यांनी १९१० साली छापून ठेवला होता. आमच्या पाटाला पाणी यायच्या चौसष्ट वर्षं आधी. ते पुस्तक इंग्रजीत, आम्ही मराठीत आणि रान मुकं. पाटाचं उद्घाटन करायला पुढारी आले. पाणी किती द्यायचं ते सांगायला कुणी आलं नाही. आम्हीही विचारायला गेलो नाही, ही आमची चूक.

म्हणून त्या जाणत्या माणसाला माझं सांगणं आहे. आजोबांच्या हाताला माती कळत होती, हे शंभर टक्के खरं. पण त्यांचं शहाणपण कमी पाण्याचं होतं. जिरायत रानात ओल टिकवायची कशी, पेरायचं कधी, याचं. जास्त पाण्याचं शहाणपण आमच्या घराण्यात कुणाकडंच नव्हतं, कारण जास्त पाणी कुणी बघितलंच नव्हतं. ज्या हातानं शाळू पिकवला तोच हात पाटावर ठेवला आणि आम्ही समजलो की त्याला हेही कळतं. हाताला वीतभर माती कळते. दोन फुटांखाली कुणाचा हात जातो?

शहरातल्या वाचकांनाही हे सांगतो, कारण "मातीशी नातं" हे शब्द तिकडं फार चालतात. सुट्टीला आलेली माणसं माझ्या बांधावर उभी राहून म्हणतात, "तात्या, तुमचं ज्ञान यंत्रात कुठलं?" चांगल्या मनानं म्हणतात. पण माझ्या वडिलांचं मातीशी नातं माझ्यापेक्षा घट्ट होतं आणि त्यांच्या डोळ्यांदेखत ते रान गेलं. नात्यानं माणूस जगता तर दवाखाने कशाला बांधले असते? आईला लेकराच्या अंगाचा ताप हाताला कळतोच. तरी ती थर्मामीटर लावते. त्यानं तिची माया कमी होत नाही.

यंत्र आणलं ते सुनेनं. ती सायन्स शिकलेली, तालुक्याच्या हायस्कूलला शिकवते. एका ऑक्टोबरात मी घरात कुरकुरत होतो की उसाला पाणी कमी पडतंय. ती म्हणाली, "मामा, कशावरनं?"

"वरनं दिसतंय की. भेगा पडाय लागल्यात."

"आणि खाली?"

मी गप्प बसलो. त्या 'आणि खाली'नं मला खालची पट्टी आठवली. पुढच्या दिवाळीला तिनं स्वतःच्या पगारातनं आणि थोडे माझ्या दुधाच्या बिलातनं घालून हे सगळं आणलं. सगळं मिळून एका एकराच्या खताच्या बिलाएवढा खर्च आला.

आता यंत्र विकणाऱ्यांकडं वळतो, नाहीतर तुम्हाला वाटंल तात्या एजंट झाला. कृषी प्रदर्शनात तंबूतला पोरगा सांगतो, "काका, पट्टी रोवा, मोबाईल बघा, पाणी द्या." हे धडधडीत खोटं आहे. पट्टी रोवली त्या पहिल्या आठवड्यात आमच्या यंत्रानं आम्हाला तीनदा फसवलं.

पहिल्यांदा आकड्यानं. कागदावर लिहिलं होतं, साठ म्हणजे ओल बरोबर. आमच्या रानात साठला चिखल होता. ही पट्टी पाणी मोजत नाही. माती विजेला कशी वागते ते मोजते आणि त्यावरनं पाण्याचा अंदाज बांधते. काळ्या मातीचं वागणं वेगळं, मुरमाचं वेगळं. मग सुनेनं घमेल्यात आमची माती घेतली, भिजवली, निथळू दिली आणि आकडा व वजन दोन्ही लिहीत गेली. शेवटी ती माती तव्यावर भाजली, वजन हलायचं थांबेपर्यंत. बायको म्हणाली, "आता एवढं माती भाजून वाढायचंच राहिलं हुतं." पण त्या तव्यानं आम्हाला आमचे आकडे दिले. आमच्या त्या यंत्रावर, आमच्या त्या रानात, बावन्नला वाफसा. अडतीसला ऊस दुपारी पानं गुंडाळायला लागतो. पलीकडच्या शेजाऱ्याच्या मुरमाड रानात हे आकडे चालणार नाहीत. दुसऱ्याचा आकडा आपल्या रानाला लावणं म्हणजे दुसऱ्याचा चष्मा घालून सुईत दोरा ओवणं.

दुसऱ्यांदा भेगेनं. काळं रान वाळलं की फाटतं. पट्टीच्या कडेनं भेग गेली, आत हवा शिरली आणि यंत्र ओरडायला लागलं की रान कोरडं ठाक. बाजूला खणलं तर ओल हाताला लागत होती. तेव्हापास्नं माती पातळ कालवून ती पट्टीभोवती दाबून बसवायची आणि भेग गेली की जागा बदलायची, असा नेम केला.

तिसऱ्यांदा उसानंच. ऊस डोक्यावर गेला आणि बातमी यायची बंद झाली. उसाचं पान म्हणजे पाणीच आणि पाणी रेडिओला गिळतं. मग पट्टी जमिनीत, डबडं उंच बांबूवर आणि मध्ये तार, असं केलं. ती तार पुढं उंदरांनी दोनदा कुरतडली. प्रदर्शनातल्या तंबूत ऊसही नसतो आणि उंदीरही नसतात.

आणि खारवट रानात तर ही पट्टी सरळ खोटं बोलते. मिठानं वीज जास्त वाहते, त्यामुळं यंत्राला ओल आहे त्यापेक्षा जास्त वाटते. म्हणजे जिथं रान बिघडलंय तिथंच काटा बिघडतो. हे मला कुणी विकणाऱ्यानं सांगितलं नाही. खालच्या पट्टीच्या कडेला मी पट्टी लावून बघितली तेव्हा कळलं.

मग एवढ्या भानगडीचं यंत्र का ठेवायचं? एका रात्रीमुळं.

२०२२ च्या जुलैत आडसाली लागण केली होती. प्रत्येक ठिकाणी दोन पट्ट्या पुरल्या होत्या, एक वीतभर खोल आणि एक दोन फुटांवर. नोव्हेंबरात आमची पाळी आली. रात्रीची. आमच्याकडं लाईटचा नेम असा, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. साप, थंडी, काळोख. दारं धरणारा माणूस एकच विचार करतो, एकदाचं रान भरू दे आणि घरी जाऊ दे. त्या रात्री वरची पट्टी एकेचाळीस दाखवत होती, खालची पंचावन्न. म्हणजे वर सुकत आलेलं आणि खाली वाफशाहून जास्त ओल. पोरगा म्हणाला, "आबा, पाळी सोडायची? पुढची वीस दिवसांनी. मधी काय झालं तर?"

मी स्टार्टरपाशी गेलो. हिरव्या बटणावर बोट ठेवून उभा राहिलो. सगळ्यांच्या मोटरी गुरगुरत होत्या. आयुष्यात पाळी कधी सोडली नव्हती. पाळी सोडणं म्हणजे आमच्याकडं ताटावरनं उठणं. बोटाला सवय होती दाबायची. शेवटी हात खिशात घातला आणि घरी आलो. झोप काही लागली नाही.

चार दिवसांनी मी उसात शिरलो आणि कुदळ घेऊन दोन फूट खड्डा घेतला. खालच्या मातीचा मुठीत लाडू वळला. ऊस आपला हिरवागार. मुळं खाली गेली होती पाण्याच्या शोधात आणि आम्ही इतकी वर्षं वरच पाणी ओतून त्यांना वरच बसवून ठेवत होतो. त्या पिकात मी एकूण पाच पाळ्या सोडल्या. उतारा पडला नाही, दोन टन वाढला. तो यंत्रानं वाढला असं मी म्हणणार नाही; एका सालावरनं बोलणारा शेतकरी आणि नवसाला पावणारा बाबा सारखेच. पण एक ठाम सांगतो. पाच पाळ्यांचं पाणी, एकरी वीस लाख लिटर, माझ्या रानाच्या पोटात साचलं नाही आणि खालच्या शेजाऱ्याच्या रानातही गेलं नाही.

या शेजाऱ्याचं कुणी बोलत नाही. पाणी बांध ओळखत नाही. वरच्यानं जास्त पाजलं की खालच्याचं रान आधी मरतं. माझी खालची पट्टी माझ्याच वरच्या रानानं मारली. पण ओढ्यापलीकडच्या भावकीतल्या एका घराचा अर्धा एकर गेला, त्यात माझ्या पाटाचा वाटा किती? याचं माप माझ्याकडं नाही, आणि म्हणून मी निर्दोष आहे असं मला म्हणता येत नाही.

कुणी म्हणंल, ठिबक करा म्हणजे मिटलं. मी चार एकराला केलंय. ठिबक चांगलंच. पण ठिबकवालाही तासानंच पाणी देतो. रोज दोन तास म्हणजे रोज दोन तास, मग ऊन असो नाहीतर झड. माझ्या खांबावरचं यंत्र ऊन, वारा, दमटपणा धरून सांगतं, आज रानातनं किती पाणी उडालं असंल. एप्रिलच्या तडाख्यात सहा-सात मिलिमीटर, श्रावणातल्या ढगाळ दिवशी अडीच-तीन. दोन्ही दिवशी सारखंच पाणी देणारं ठिबक जास्तीचं पाणी हळूहळू देतं, एवढाच फरक.

खरा राग मला या सगळ्याच्या मागं जी व्यवस्था उभी आहे तिचा आहे. मोजणाऱ्याला इथं काही मिळत नाही. पाणीपट्टी एकरावर. तुम्ही दोन इंच पाजा नाहीतर सहा, पट्टी तीच. विजेचं बिल मोटरीच्या ताकदीवर होतं आणि २०२४ पास्नं साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचं तेही सरकार भरतंय. मी ते नाकारलं नाही; खोटं कशाला बोलू? पण फुकटची वीज रात्री अकराला दिली आणि पाणी एकरावर विकलं, तर बटण दाबून झोपणारा माणूस मूर्ख नाही. व्यवस्थेनं त्याला जे शिकवलं तेच तो करतोय. पाच पाळ्या सोडल्या म्हणून मला पाच पैसे सूट मिळाली नाही. उलट पाणीवाटप बघणारा म्हणाला, "तात्या, पाळी सोडली तर हक्क जातो, ध्यानात ठेवा." वाचवणाऱ्याला धमकी आणि सांडणाऱ्याला हक्क.

दुसरं, मोजणं ज्याच्या हातात त्याचंच खरं. माझ्या मेव्हण्याची तासगावकडं द्राक्षबाग आहे. हवामानावर आधारलेला विमा त्यानं काढला होता. ऐन फुलोऱ्यात त्याच्या बागेवर पाऊस कोसळला, मणी गळाले, दावण्या आला. विम्याचा पाऊस मोजायचं यंत्र मंडळाच्या गावाला, लांब. तिथं शिंतोडे पडले. मेव्हण्याच्या घरच्या भांड्यात मोजलेला पाऊस होता, तारखेनिशी, वेळेनिशी. कुणी बघितलाही नाही. कंपनी म्हणंल, उद्या कुणीही भांड्यात तांब्याभर पाणी ओतंल. म्हणणं खोटं नाही. मग गावोगाव यंत्र बसवा, शाळेच्या आवारात बसवा आणि त्याचा आकडा रोज फळ्यावर लिहा, म्हणजे सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत राहील. आमचं भांडं खोटं आणि तुमचं कोसावरचं भांडं खरं, हा कुठला न्याय?

तिसरं, आकडा कुणाच्या मालकीचा? काही यंत्रांची गंमत अशी की आकडा तुमच्या रानातनं निघतो, लांबच्या कुठल्या तरी कॉम्प्युटरात जाऊन बसतो आणि तिथनं तुमच्या मोबाईलवर येतो. वर्षाची फी भरली तर. नाही भरली तर तुमच्याच रानाची ओल तुम्हाला दिसत नाही. आम्ही घेताना एकच अट घातली, डबीतला आकडा नेट नसतानाही घरात दिसला पाहिजे आणि वर्षाची फी नको. शिवाय मी रोज संध्याकाळी वहीत उतरवतो. पाऊस, वरची ओल, खालची ओल, दारं धरली का नाही. तीन वह्या भरल्या. उद्या यंत्र बंद पडलं तर वही बंद पडत नाही.

माझं मागणं फार नाही. प्रत्येकानं आपल्या रानात खांब रोवावा असं मी म्हणत नाही. दोन एकरवाल्याला ते परवडणार नाही आणि त्याची गरजही नाही. पाणी संस्थेनं एक खांब रोवावा. काळं, मध्यम, मुरमाड अशा तीन रानांत पट्ट्या पुराव्यात आणि ऑफिसबाहेर फळ्यावर रोज सकाळी लिहावं, पाऊस इतका, काल उडालेलं पाणी इतकं, दोन फुटांवर ओल इतकी. पाळी पुढं ढकलणाऱ्याचा हक्क राहावा आणि पट्टीत त्याला सूट मिळावी. वीज दिवसा द्यावी, कारण काळोखात मोजून पाणी देता येत नाही. एवढं केलं तर पंधरा वर्षांनी गावातली खारवट रानं वाढलेली नसतील.

मेलेली रानं मात्र यंत्रानं जिवंत होत नाहीत, हेही सांगून ठेवतो. त्याला जमिनीखालनं भोकाच्या नळ्या टाकून निचरा काढावा लागतो, माती तपासून जिप्सम, मग धैंचा, आणि वर्षानुवर्षं दम. माझा नळ खालच्याच्या रानातनं ओढ्याला न्यावा लागणार, म्हणजे दहा घरांनी एका चटईवर बसावं लागणार. आमच्या भावकीत अजून ती चटई कुणी अंथरली नाही. यंदा मी अंथरणार आहे.

परवा सकाळी तो जाणता माणूस बांधावर आला. इकडं तिकडं बघितलं, तंबाखू मळली, खांबाकडं नजर टाकून म्हणाला, "तात्या, माझ्या उसाला आज पाजू का उद्या? काय म्हणतंय तुझं?"

मी म्हणालो, "माझं माझ्या रानाचं सांगतंय, तुझ्या न्हाई. आण कुदळ. आधी दोन फूट खणू, मग बघू."

त्यानं तंबाखूची चिमूट तोंडात टाकली आणि कुदळ आणायला गेला.